विमान कंपन्यांची चढाओढ आणि छायाचित्रकाराचे नाव

विमान-छायाचित्रकाराला काय टिपायला मिळणार, हे त्याच्या लेन्सपेक्षा विमान कंपन्यांच्या चढाओढीवर अधिक ठरते. नवी कंपनी बाजारात उतरली की धावपट्टीवर नवे रंग येतात. दोन कंपन्यांची जुंपली की जाहिरातीसाठी फोटोंची मागणी वाढते. एखादी बुडाली की तिची विमाने विमानतळाच्या कोपऱ्यात उभी राहतात आणि तेही नोंदवून ठेवण्याजोगे असते. या तिन्ही अवस्थांचा, मुख्यतः मुंबईच्या संदर्भात, आढावा घेणे हे विमान-छायाचित्रकारांच्या अधिवेशनातील या अध्यक्षीय भाषणाचे प्रयोजन आहे.

1953 च्या कायद्याने हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढची जवळजवळ चार दशके देशातली उड्डाणे मुख्यतः इंडियन एअरलाइन्सकडे आणि परदेशची एअर इंडियाकडे राहिली. छायाचित्रकाराच्या दृष्टीने हा काळ एकसुरी होता. खिडक्यांभोवती झरोके रंगवलेली एअर इंडियाची जम्बो जेट हा त्यातला देखणा अपवाद. मोजके हौशी लोक कोडाक्रोम 64 या स्लाइड फिल्मवर काम करत आणि परदेशी संग्राहकांशी स्लाइडची अदलाबदल करत. त्या फिल्मवर भर उन्हातही 500 च्या शटरला अ‍ॅपर्चर 5.6 पर्यंत उघडावे लागे. ढग आले की कॅमेरा पिशवीत जाई.

1992 मध्ये ईस्ट-वेस्ट, 1993 मध्ये दमानिया, मोदीलुफ्त आणि 5 मे 1993 रोजी जेट एअरवेज अशा कंपन्या आल्या. राष्ट्रीयीकरणाचा जुना कायदा 1994 मध्ये रद्द झाला. सगळ्यांचे मुख्य विमान बोइंग 737 हेच. त्यामुळे प्रवाशाला दिसणारा फरक उरला तो शेपटीच्या रंगाचा, आणि त्या रंगावरच कंपन्यांनी पैसा ओतला. दुसरी लाट 2003 ते 2006 या काळातली. आर. के. लक्ष्मण यांच्या ‘कॉमन मॅन’ला सोबत घेऊन आलेली एअर डेक्कन, लालभडक किंगफिशर, मसाल्यांची नावे विमानांना देणारी स्पाइसजेट, वेगवेगळ्या रंगांच्या शेपट्यांची गोएअर आणि सगळी विमाने एकाच निळ्या साच्यातली ठेवणारी इंडिगो. 2014 मध्ये सिंगापूर एअरलाइन्स आणि एमिरेट्स यांनी दोन महिन्यांच्या आत मुंबईत ए380 आणले. विमानतळाजवळच्या कुर्ला आणि जरीमरीच्या गच्च्यांवर एवढी गर्दी त्याआधी क्वचितच झाली असेल.

चढाओढीचा सर्वांत उघड लाभ जपानमध्ये दिसतो. ऑल निप्पॉनने 1993 मध्ये एका जम्बोवर देवमासा रंगवला, जपान एअरलाइन्सने 1994 मध्ये डिस्नेची पात्रे आणली, त्यावर ऑल निप्पॉनने 1998 मध्ये पोकेमॉन उडवले. हानेदा विमानतळावर या दोन कंपन्यांची टर्मिनल वेगळी आहेत आणि दोन्हींच्या गच्चीवर विमाने पाहण्यासाठी मोकळी जागा राखलेली आहे. छायाचित्रकार तेथे पाहुणा असतो. भारतात 1937 च्या विमान नियमांतील तेराव्या नियमाने सरकारी विमानतळावर लेखी परवानगीविना छायाचित्रण निषिद्ध ठरवले आणि छायाचित्रकार भिंतीबाहेरच वाढला. प्रवाशाने आसनावरून फोटो काढावेत की नाही, याचाही खुलासा नियामकाला सप्टेंबर 2020 मध्ये करावा लागला.

हा आढावा आणखी वाढवता येईल, परंतु त्यात खरी गोष्ट निसटते. कंपन्यांची चढाओढ छायाचित्रकाराला विषय देते आणि त्याच हाताने त्याची किंमत काढून घेते. विमान रंगवणाऱ्याला पैसे मिळतात, जाहिरात संस्थेला मिळतात, फलक चिकटवणाऱ्यालाही मिळतात. ज्याच्या फोटोवर तो फलक उभा राहतो त्याला ‘पहिल्या फेरीचे आमंत्रण’ मिळते. आमंत्रणाच्या आशेने एक छायाचित्रकार फोटो फुकट देतो, त्याला मागे टाकण्यासाठी दुसरा दहा देतो. कंपन्या तिकिटांचे भाव पाडतात तेव्हा निदान प्रवाशाचा फायदा होतो. या दुसऱ्या भावपाडीत फायदा फक्त कंपनीच्या जाहिरात विभागाचा झाला आहे.

प्रस्तुत वक्त्याचा एक अनुभव येथे पुराव्यादाखल देता येतो. नव्वदीच्या दशकात एका नव्या कंपनीने त्याच्याकडून एक स्लाइड ‘फक्त बघायला’ नेली. जरीमरीच्या पत्र्यांवरून 27 क्रमांकाच्या धावपट्टीकडे उतरणारे विमान, पाऊस नुकताच थांबलेला, पंखांच्या कडेला बाष्पाच्या रेघा, चाके खाली, आणि पोटावर खालच्या ओल्या छपरांचा उजेड. वर्षअखेरीस ते चित्र कंपनीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात अवतरले. खालच्या कोपऱ्यात छापखान्याचे नाव, पत्ता, दूरध्वनी असे सारे होते. छायाचित्रकाराचे नाव नव्हते. स्लाइड परत आली ती चौकटीवाचून, बोटांच्या ठशांनी डागाळलेली. विचारणा केल्यावर, कंपनीने फोटो वापरला हाच सन्मान आहे, असे उत्तर मिळाले. हेच उत्तर आजही तरुण छायाचित्रकारांना ऐकावे लागते. फक्त कॅलेंडरच्या जागी आता मोबाइलचा पडदा आला आहे.

यावर कायदा मूक नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा पहिला मालक ते काढणारा असतो. मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राची मालकी मात्र, उलट करार नसेल तर, मोबदला देणाऱ्याकडे जाते. म्हणून काम घेण्यापूर्वी करार हवा. हक्क सोपवायचा तर तो लेखीच सोपवावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता, असे कायदा धरतो. कलम 57 प्रमाणे हक्क विकल्यानंतरही ‘हे माझे काम आहे’ असे सांगण्याचा अधिकार निर्मात्याकडेच राहतो. तोंडी ‘घ्या, वापरा’ म्हणणाऱ्याला यातले काहीच आठवत नाही आणि समोरच्याला त्याची आठवण करून देण्याची गरज वाटत नाही.

सध्याचा वाद असा की स्पर्धा संपली, आता उरले काय? जेट 17 एप्रिल 2019 रोजी थांबली, गोएअर पुढे घेतलेल्या गो फर्स्ट या नावाने मे 2023 मध्ये, विस्तारा 12 नोव्हेंबर 2024 रोजी एअर इंडियात विलीन झाली. देशातले निम्म्याहून जास्त प्रवासी एकट्या इंडिगोचे आहेत. एकाच रंगाच्या विमानांमागे कोण धावणार, असे काही सहकारी विचारतात. प्रस्तुत वक्त्याचा अनुभव उलट आहे. बंद पडलेल्या एका कंपनीच्या जुन्या वैमानिकांनी आणि तंत्रज्ञांनी त्याच्याकडे जे फोटो मागितले, त्यांत विशेष रंगाचे एकही विमान नव्हते. त्यांना हवी होती रोजची, मळकी, ठरावीक नोंदणी क्रमांकाची विमाने, ज्यांवर त्यांनी नोकरी केली होती. एका तंत्रज्ञाने तर इंजिनाच्या झाकणावरचे रंग उडालेले ठिगळ पाहून विमान ओळखले. कंपनी गेली की अनेकदा तिचे स्वतःचे चित्रसंग्रहही विस्कटतात. अशा वेळी भिंतीबाहेर उभ्या राहिलेल्या माणसाची, तारीख आणि नोंदणी क्रमांक लिहून ठेवलेली चित्रे हाच त्या कंपनीचा इतिहास असतो, आणि तो निनावी असेल तर त्यावर विश्वास ठेवणे कठीण.

यापुढची कामे ढोबळमानाने अशी. मराठीत एक साधे, एका पानाचे करारपत्र तयार व्हावे. त्यात नाव, मुदत आणि मोबदला यांसाठी रिकाम्या जागा असाव्यात. 2025 मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाच्या परिसरात कुंपणालगत एक उंच, खुली जागा विमाने पाहणाऱ्यांसाठी मागावी. जुन्या स्लाइडची सूची करण्याचे काम कोणाकडे द्यायचे, खर्च कसा भागवायचा आणि मूळ चित्रे कोठे ठेवायची, हे कार्यकारिणीने ठरवावे. फुकट फोटो न देण्याचा ठराव मात्र याच अधिवेशनात मतास टाकला जाईल.