पेणचे मूर्तिकार आणि त्यांचे वार्षिक प्रदर्शन

संग्रहालय हा शब्द उच्चारताच डोळ्यांपुढे उभे राहते ते काचेचे कपाट, त्यातील एखादी जुनी वस्तू आणि तिच्या पायाशी लावलेली माहितीची चिठ्ठी. मुंबईस भायखळ्याला १८७२ साली लोकांसाठी खुले झालेले जे संग्रहालय आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते, त्यात नाना समाजांच्या व नाना धंद्यांच्या माणसांच्या मातीच्या चिमुकल्या प्रतिमा जपून ठेविलेल्या आहेत. त्या घडविणारे कारागीर केव्हाच काळाआड गेले. माती मात्र काचेआड सुरक्षित राहिली. रायगड जिल्ह्यातील पेण गावी नेमका याच्या उलट प्रकार दृष्टीस पडतो. तेथे माती राहत नाही, हात राहतात. लाखांच्या संख्येने मूर्ती घडतात, रंगतात, घरोघर पूजिल्या जातात आणि अनंत चतुर्दशीची रात्र उलटेपर्यंत त्यांतील बहुतेक पाण्यास मिळालेल्या असतात. दरवर्षी संपूर्ण रिकामे होऊन दरवर्षी पुन्हा भरणारे असे कलाप्रदर्शन महाराष्ट्रात दुसरे क्वचितच असेल.

पेण हे भोगावती नदीच्या काठचे गाव. मुंबईपासून ते सुमारे ८० किलोमीटर दूर असून मुंबई-गोवा रस्ता व पनवेल-रोहा लोहमार्ग हे दोन्ही तेथून जातात. मूर्तिकला येथे एकोणिसाव्या शतकापासून रुजली आहे आणि आरंभीच्या मूर्तिकारांत देवधर घराण्याचे नाव आवर्जून घेतले जाते. १८९३ साली लोकमान्यांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप देण्याचा पुरस्कार केला, त्यानंतर मूर्तींची मागणी वाढत गेली. गावातील मोजक्या घरांचा हा व्यवसाय हळूहळू हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत अशा आसपासच्या खेड्यांत पसरला. लोक या जागांना 'गणपतीचे कारखाने' म्हणतात. शब्द जरा रुक्ष खरा. परंतु आत पाऊल टाकणाऱ्यास यंत्राचा घरघराट ऐकू येत नाही. ओल्या मातीचा वास, ओळीने मांडलेली शुभ्र गजमुखे आणि एकाग्र होऊन काम करणारी माणसे, ज्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते, एवढेच त्यास आढळते.

या प्रदर्शनाची दालने म्हणजे कामाच्या पायऱ्याच होत. पहिल्या दालनात शाडूची माती. ही पांढुरकी, चिकण माती मुख्यत्वे गुजरातेतून येते. ती भिजवून, मळून लोण्यासारखी मऊ केली जाते व साच्यात दाबून बसविली जाते. पूर्वीच्या कडक साच्यांच्या जोडीला आता रबरी साचे आले, त्यामुळे बारीक नक्षीही अभंग उतरते. साच्यातून निघालेली मूर्ती अपुरीच असते. हात, सोंड, आयुधे, बैठक यांचे सांधे जुळवावे लागतात, कोरणीने कडा साफ कराव्या लागतात. मग वाळवण. ऊन फार लागले तर माती तडकते, हवा दमट असली तर ती वाळतच नाही; म्हणून शाडूचे बरेचसे काम हिवाळ्या-उन्हाळ्यात उरकून घेण्याकडे मूर्तिकाराचा कल असतो. वाळलेली मूर्ती घासून गुळगुळीत करावयाची, तिला पांढरा हात द्यावयाचा आणि त्यानंतर देहाचा रंग, पीतांबर, शेला, दागिने असे एकेक काम निरनिराळ्या हातांकडून होत जाते.

सर्वांत शेवटचे दालन डोळ्यांच्या आखणीचे. पेणची कीर्ती ज्या एका गोष्टीवर उभी आहे, ती ही. भुवईची कमान, पापणीची रेघ, बुबुळाची जागा आणि त्यातील प्रकाशाचा ठिपका, एवढ्यावर मूर्तीची मुद्रा ठरते. साचा एक असला तरी दोन आखणीकारांच्या हातची दोन मुखे सारखी दिसत नाहीत. रेघ केसभर सरकली तर दृष्टी भलतीकडेच वळते. म्हणून हे काम कारखान्यातील मुरलेल्या हातांकडेच असते व तो हात तयार होण्यास अनेक हंगाम खर्ची पडतात. कलकत्त्याच्या कुमारटुलीत दुर्गेच्या मूर्ती घडतात. तेथेही देवीचे नेत्र रेखणे हा विधीच मानला जातो आणि त्यासाठी महालयेचा दिवस नेमलेला आहे. दोन प्रांत, दोन दैवते. पण मातीला दृष्टी येते तो क्षण मोठा, ही जाणीव एकच.

हे प्रदर्शन पाहावयास केव्हा जावे, याचे उत्तर पंचांगात सापडते. २०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला आली होती. २०२६ साली अधिक ज्येष्ठ पडत असल्यामुळे ती १४ सप्टेंबरला येते. म्हणजे तारखेच्या हिशेबाने १८ दिवस पुढे. मूर्तिकारास हे दिवस वाढवून मिळतात खरे, परंतु ते पावसाळ्याचे दिवस होत. परदेशी जाणाऱ्या मूर्ती जहाजाने जावयाच्या असल्यामुळे त्यांचे काम आधी संपते. सण येण्यापूर्वी कित्येक महिने त्या पेटाऱ्यांत बसून अमेरिका, इंग्लंड, मॉरिशस अशा दूरदेशीच्या मराठी घरांकडे निघालेल्या असतात. ज्यांना माती मळताना व साचे भरताना पाहावयाचे असेल त्या कुटुंबांनी थंडीच्या दिवसांत जावे. ज्यांना रंग व आखणी पाहावयाची असेल त्यांनी आषाढ-श्रावणात जावे. मात्र चतुर्थीच्या आधीचे शेवटचे आठ दिवस वर्ज्य समजावेत. त्या दिवसांत कारागिराला मान वर करावयासही फुरसत नसते.

कोकणातील पुष्कळ घरांत मूर्तीसाठी घरचा पाट मूर्तिकाराकडे नेऊन देण्याची चाल आहे. कोठे नागपंचमीच्या सुमारास, तर कोठे त्याही आधी हा पाट जातो. आजोबांनी मूर्तीची उंची सांगावी, आजीने गेल्या वर्षीच्या शेल्याचा रंग आठवून द्यावा, मुलांनी उंदीर कोठे बसेल ते विचारावे, असा हा एक लहानसा कौटुंबिक सोहळाच असतो. कागदावरील चित्रावरून मूर्ती घरपोच मागविण्याच्या आजच्या सोयीत हा सोहळा लोपतो. आणि त्याबरोबर लोपते ती मूर्ती घडविणाऱ्याशी असलेली ओळख. शाडूच्या गोळ्यातून स्वतः गणपती करण्याचे वर्ग ठिकठिकाणी मुलांसाठी भरतात. त्यांत मूल मूर्तिकार होते असे नव्हे. पण सोंड तीनदा गळून पडली म्हणजे पेणच्या हाताचे मोल त्यास व्याख्यानावाचून कळते.

या मोलाचा प्रश्न आज निकराचा झाला आहे. शाडूची मूर्ती जड, ठिसूळ, वाळण्यास मंद आणि किमतीने अधिक. प्लास्टर ऑफ पॅरिस हलके, झटपट घट्ट होणारे, प्रवासात टिकणारे. धंदा वाढला तो बहुतांशी या दुसऱ्या द्रव्याच्या बळावर, आणि हजारो कुटुंबांची चूल त्यावर पेटते, हे नाकारून चालणार नाही. परंतु दोहोंचा स्वभाव भिन्न आहे. शाडू केवळ वाळून घट्ट झालेली असते, म्हणून पाणी लागताच ती पुन्हा चिखल होते. प्लास्टर पाण्याशी संयोग पावूनच दगडासारखे बनलेले असते. ते पाण्यात सहजासहजी विरघळत नाही आणि भग्न मूर्ती काठावर पडून राहतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली आपल्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत प्लास्टरच्या मूर्तींस मनाई केली. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडविण्यास व विकण्यास वाट मोकळी केली, मात्र नैसर्गिक जलाशयांत त्यांच्या विसर्जनास परवानगी दिली नाही. मधल्या पाच वर्षांत मूर्तिकाराने साचा कशाने भरावा, हे त्यास पुष्कळदा हंगाम तोंडावर येईपर्यंत उमगत नव्हते. त्यातच २०२० च्या ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि त्याच वर्षी साथीमुळे घरगुती मूर्ती दोन फुटांहून व सार्वजनिक मूर्ती चार फुटांहून उंच असू नये, असे सरकारने ठरविले. ज्याने महिनोन्‌महिने आधी मोठे साचे भरून ठेवले होते त्याच्या श्रमांचे काय झाले असेल, याची कल्पना करता येते.

कायद्याने बरेच काही ठरते. तथापि शाडू टिकेल की नाही, हे अखेरीस ठरते ते पाट घेऊन आलेल्या कुटुंबाच्या तोंडून. त्याने फूटभर उंचीचा मोह आवरला, चार पैसे अधिक मोजले आणि मूर्ती कशाची आहे हे स्पष्ट विचारून पावतीवर लिहून घेतले, तर मूर्तिकारास शाडूची माती आधीच भरून ठेवण्याचे धैर्य येते. मागणी आधी कळली की हिवाळ्यात काम सुरू होते. हिवाळ्यात काम सुरू झाले की नव्या मुलास शिकविण्यास उसंत मिळते. चतुर्थी तोंडावर आली असता कोणीही कोणास आखणी शिकवू शकत नाही.

भायखळ्याच्या कपाटातील मातीच्या माणसांना फार तर धूळ झाडणारा हात लागतो. पेणच्या प्रदर्शनास दरवर्षी नवी माती लागते, नवे रंग लागतात आणि कुंचला धरून शेजारी बसणारे एखादे नवे पोरही लागते. विसर्जनाहून परतलेला रिकामा पाट घरोघर पुसून ठेवला जातो, तो पुढच्या वर्षी पुन्हा मूर्तिकाराच्या दारी न्यावयाचा म्हणूनच.