मोबाईल आणि फळा
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



आम्ही पेपर मिलचे कामगार. शाळा लहानपणीच सुटली. १९८९ साली यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघाले आणि बारावी न झालेल्यांनाही पूर्वतयारी करून पदवीची वाट मिळाली. पुस्तके घरी आणून आम्ही पाळी संपल्यावर वाचत असू. पण अडले की अडलेच. ते सुटायचे अभ्यास केंद्रात, सरांना समोरासमोर विचारल्यावर. म्हणजे घरचे शिकणे आणि वर्गातले शिकणे ही जोडी आम्हांस नवी नाही. पुस्तकासोबत आता मोबाईल आला, एवढेच.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. शिक्षण ऑनलाईन झाले. आमच्या घरी मोबाईल एकच, तोही आमच्यासोबत पाळीला जाई. धाकटी पोरगी रात्री धडा पाहायची. एकदा विचारले, "समजलं का?" ती म्हणाली, "बाबा, यातल्या मॅडम थांबतच नाहीत. विचारू कोणाले?" आम्ही निरुत्तर झालो. तिकडे गडचिरोलीच्या आत अनेक गावांत रेंजच नव्हती. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद पडतो, तिथे ऑनलाईनची काय कथा!

मग मोबाईल फेकून द्यायचा का? मुळीच नाही. जिथे विषयाचा शिक्षक नाही, तिथे धडा तोच पोहोचवतो. पण पोराचे तोंड पाहून 'याला कळले नाही' हे गुरुजीच ओळखतात. "ऑनलाईन आहे ना, मग शिक्षक काहून पाहिजे?" असे कोणी म्हणाले तर त्याला ठामपणे विरोध करा.

बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले. नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग भरत. त्यांनी वेळ बदलली, वर्ग मोडला नाही. हाच धडा आपण घ्यावा.

म्हणून आमची सूचना अशी. विहाराच्या सभागृहात रोज सायंकाळी दोन तास अभ्यासवर्ग भरवावा. दीक्षा अ‍ॅपवरचे धडे आधी उतरवून ठेवले की रेंज नसली तरी पाहता येतात. सगळ्यांनी मिळून पाहावे, मध्येच थांबवावे, कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी फळ्यावर समजावून सांगावे. तरीही सुटले नाही ते वहीत लिहून सकाळी शाळेत गुरुजींना विचारावे.

ती पहिली वही आम्ही आणली आहे. सभा संपल्यावर पोरांची नावे तिच्यात लिहून जा.