न पाहिलेल्या गाडीचा विसार



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे पंडित बोलून गेले. मी सातवीनंतर शाळा सोडलेला माणूस. जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत आणि कारखान्याच्या फाटकावर. तेव्हा मोबाईलवर भरणाऱ्या जुन्या मालाच्या बाजाराविषयी हा गृहस्थ काय सांगणार, अशी शंका आपणांस येणे साहजिक आहे. परंतु त्या बाजाराची ओळख मला आमच्याच एका सभासदामुळे झाली.

गतवर्षी बोनस हातात पडला आणि त्याने एक जाहिरात पाहिली. सत्तर हजारांची मोटारसायकल अवघ्या अठ्ठावीस हजारांत! विकणारा म्हणे सैन्यातला जवान, बदली झालेली. त्याने गणवेशातला फोटो धाडला, ओळखपत्र धाडले, कॅन्टीनचे कार्डही धाडले. मग गाडी पाठविण्याचे तीन हजार मागितले, पाठोपाठ विम्याचे पाच, पुढे जीएसटीचे सात. हे सारे परत मिळेल, ही बोली. आधीचे बुडू नयेत म्हणून आमचा माणूस पुढचे भरीत गेला. गाडी आली नाही.

लोक म्हणाले, लोभाला भुलला. मला ते अर्धेच खरे वाटते. जवानावर संशय घेणे त्याला पाप वाटले, आणि चोराचे भांडवल नेमके तेच होते. कार्डाचा फोटो म्हणजे माणूस नव्हे. तो दुसऱ्या कोणाकडून लुबाडलेलाही असू शकतो.

गाडी समोर उभी असल्यावाचून विसाराचा एक रुपयाही देऊ नये. चासीवरचा नंबर आरसीशी ताडून पाहावा. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म मागावा. नावबदलाचे फॉर्म २९ आणि ३० नंबरचे. जुना मोबाईल घेताना *#०६# दाबले की पंधरा आकडी आयएमईआय दिसतो. केवायएम ही इंग्रजी अक्षरे व तो आकडा १४४२२ वर संदेशाने पाठविला की तो नंबर बाद ठरविलेला आहे काय, हे कळते.

विकणारेही नाडले जातात, बरे का! गिऱ्हाईक चौकोनी कोड पाठवून म्हणते, 'स्कॅन करा, पिन घाला, पैसे जमा होतील.' २०१६ साली यूपीआय आले तेव्हापासून पैसे घ्यायला पिन लागलेला नाही. पिन घातला की आपलेच पैसे जातात.

आणि गेलेच, तर त्याच घटकेला १९३० हा क्रमांक फिरवावा. चोराने पैसे काढून नेण्याआधी खबर पोहोचली, तर ते खात्यातच अडकवून धरता येतात. आमचा सभासद माझ्याकडे आला अकराव्या दिवशी. इतके दिवस का थांबलास, विचारले तर म्हणाला, "साहेब, हसाल म्हणून."

त्याच्या संमतीने, नाव न घेता, ही हकीकत मी फाटकावरच्या सभेत सांगितली. सभा मोडल्यावर तिघेजण मागे रेंगाळले. त्यांतल्या एकाने दोन वर्षांपूर्वी नऊ हजार घालविले होते. घरी अजून सांगितलेले नव्हते.