आग विझवा, पण आधी एक फोटो

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



भावाचा आणि कर्जाचा विषय माझ्याआधीच्या वक्त्यांनी मांडला. मला दहा मिनिटे दिली आहेत आणि मी आगीवर बोलणार आहे. मोठ्या आगीवर नाही, सुपाएवढ्या आगीवर.

दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात आमच्या घरी हे घडले. भाव वाढेल या आशेने वीसेक क्विंटल कापूस पडवीत भरून ठेवला होता. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव धरला, ८११० रुपये, तर हा एक लाख बासष्ट हजारांचा माल होतो. तो भाव हातात किती पडतो ते तुम्हाला सांगायला नको. खांबावरून घरात येणारी वायर टिनाच्या कडेला घासत होती. वारा सुटला की ठिणगी पडायची. मी तीनदा तक्रार केली, तिन्ही वेळा तोंडी. कागदावर एकदाही नाही. ही चूक माझीच, दुसऱ्या कोणाची नाही.

त्या दुपारी ठिणगी कापसावर पडली. सुनेने पाहिले तेव्हा आग सुपाएवढीच होती. मेन स्विच पाडून उपयोग नव्हता, कारण घासलेली वायर स्विचच्या अलीकडची, त्यामुळे ती जिवंतच. तिथे घागर ओतली असती तर आगीऐवजी माणूस गेला असता. पोरगी शहाणी. तिने फावड्याने पेटता कापूस अंगणात ओढला आणि तिथे पाणी मारले. लाईनमनला फोन करून डीपीवरून लाईन बंद करवली. आम्ही म्हटले, संपले. पण कापसाची आग वरून विझते आणि आतून धुमसते. पाणी वरच्या वर निथळून जाते. रात्री ढिगातून पुन्हा धूर निघाला. मग सगळा ढीग फोडून अंगणभर पसरला, तेव्हा कुठे शांत झाले. चार क्विंटल गेला.

आता खरी गोष्ट. संध्याकाळी माणूस आला, घासलेला तुकडा कापला, नवी वायर जोडली, तुकडा पिशवीत घालून घेऊन गेला. आम्ही त्याला चहा पाजला! मी अंगण झाडून स्वच्छ केले. तिसऱ्या दिवशी पंचनामा. आग कशाने लागली? वायरमुळे. दाखवा वायर. वायर नवी कोरी. झाले. कागदावर आले, ‘आगीचे कारण अज्ञात’. या तीन शब्दांनी आमचा दावा मेला. वीज कंपनी म्हणते, आमचा दोष कुठे दिसतो? विद्युत निरीक्षकाने पाहावे तर पाहायला काही उरलेले नाही. पीकविमा शेतातल्या पिकाचा, पडवीतल्या कापसाला तो विचारत नाही.

यंदा आमच्याच शिवारात ज्वारीच्या कडब्याची गंजी पेटली. वरून झोल पडलेल्या तारा. वाऱ्याने तार तारेला लागली की वितळलेले मणी खाली गळतात, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. पोरगा बांधावर होता. त्याने लांबूनच एक फोटो काढला, ज्यात तारा, खांब आणि गंजीच्या शेंड्याचा धूर एकत्र आले. मग मोबाईल खिशात आणि धावत सुटला. तीन सेकंद गेले असतील. फोटो थरथरलेला आहे, पण खांबावरचा नंबर वाचता येतो. माणसे जमली, दाताळ्याने पेटता कडबा बाजूला काढला, माती टाकली. अर्धी गंजी वाचली. त्याच्या आईने नंतर कोणाला तिथे झाडू दिले नाही. राखेतले ते काळे मणी तसेच पडलेले, त्यांचाही फोटो काढला. पंचनाम्यात ‘तारांच्या घर्षणाने’ असे लिहून आले आणि त्याची नक्कल तिने तिथल्या तिथे मागून घेतली.

पैसे मिळाले का? अजून नाहीत. पण फाईल परत आलेली नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर उद्या कोणी माझ्या नावाने बोंब मारेल. एका गावात तरण्या पोराने गंजीचा दोन मिनिटे व्हिडिओ काढला. शेजारी बैल बांधलेला. दावे कापायला तो गेलाच नाही, बायका धावल्या. बैल होरपळला, गंजी पूर्ण गेली आणि व्हिडिओ मात्र तालुकाभर फिरला. त्याला काय म्हणायचे? आधी माणसे, मग दावणीची जनावरे, मग फोटो. दोघे असाल तर एकाने विझवायला लागावे, दुसऱ्याने एक फोटो काढून त्याला मिळावे. एकटे असाल आणि आग गुडघ्याच्या वर गेली असेल तर मोबाईलला हात लावू नका. आग विझल्यावर जागा असते, जळकी वायर असते, त्यांचा फोटो काढता येतो. फक्त ती कोणाला उचलू देऊ नका. नेतोच म्हणाला तर त्याच्या हातात तुकडा असतानाचा फोटो घ्या. तुटलेल्या तारेजवळ मात्र फोटोसाठीही जाऊ नका.

पूर्वी फोटो म्हटला की तालुक्याहून लग्नाचा फोटोग्राफर आणावा लागे. तो येईपर्यंत राखही उडून जायची. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि आपण त्यात भाचीचे बारसे भरून ठेवतो. तेही ठेवा. पण आगीचा मूळ फोटो मोबाईलमधून पुसू नका. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो बारीक होतो, त्यातली तारीख-वेळेची नोंद जाते. प्रकरण कोर्टात गेले तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे फोटोसोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. ते वकील करून देईल, पण मूळ फोटो तुमच्याकडेच पाहिजे.

आणि आग लागण्याची वाट कशाला पाहायची? झोल पडलेली तार, घासणारी वायर, उघडी डीपी यांचा फोटो आजच काढा, लेखी अर्जाला जोडा, पोच घ्या. मी ते केले असते तर सुनेने झाडलेल्या अंगणावर आज बोलावे लागले नसते. चुकलो, अंगण मीच झाडले होते.

माझा अर्ज मी आजही बरोबर आणला आहे. ज्यांच्या कागदावर ‘कारण अज्ञात’ असे लिहून आले आहे त्यांनी बैठक संपल्यावर कागद घेऊन पारावर यावे. गावनिहाय यादी करायची आहे.