ज्वारी काळी का पडते?



काळी पडलेली ज्वारी बाजारात नेली की व्यापारी मूठभर दाणे तळहातावर घेतो आणि भाव पाडतो. पेरणी, खत, निंदणी यांचा खर्च मात्र तेवढाच झालेला असतो. या बुरशीचा बंदोबस्त बियाण्यातच होऊ शकतो का, एवढेच आज बोलायचे आहे.

खरिपाची आपली जुनी गावरान ज्वारी पाच महिन्यांची. दिवस लहान होऊ लागले की मगच ती निसवायची. दाणा भरेपर्यंत पाऊस मागे गेलेला असे. १९६४ साली सी.एस.एच.-१ हा संकरित वाण आला. शंभरएक दिवसांत पीक तयार, उत्पन्न भरघोस. पण दाणा सापडला उत्तरा-हस्ताच्या पावसात! फ्युजेरियम, कर्व्हुलेरिया या बुरशी फुलोऱ्यातच शिरतात. आपल्याला काळेपणा दिसतो तो दाणा पिकताना. तोवर फवारणीची वेळ निघून गेलेली असते.

मग बुरशीला दाद न देणारा वाण निघत नाही का? निघतो, पण त्याची किंमत मोजावी लागते. हैदराबादजवळ पाटणचेरूला १९७२ साली इक्रिसॅट ही संस्था निघाली. तिथे फुलोऱ्यापासून कणसांवर तुषारांनी पाणी सोडून, मुद्दाम बुरशी वाढू देऊन हजारो वाण तपासले गेले. चिवट ठरले ते बहुतेक लाल-तपकिरी दाण्याचे. त्यांच्या सालीखाली टॅनिन असते. ते बुरशीला अडवते, पण दाणा तुरट करते. ती भाकरी आपल्या घरात कोण खाईल?

पांढऱ्या ज्वारीत वाटा वेगळ्या. टणक दाणा, दाणा झाकणारे लांब तूस, वारा खेळेल असे मोकळे कणीस. हे गुण अनेक जनुकांत विखुरलेले असतात. एका संकरात सगळे हाती लागत नाहीत. तरी 'परभणी श्वेता'सारखे पांढऱ्या दाण्याचे सहनशील वाण निघाले आहेत. सहनशील म्हणजे कमी काळे पडणारे. अजिबात न पडणारे नव्हे.

प्रश्न फक्त भावाचा नाही. १९९५ साली दख्खनच्या पठारावर पावसात भिजलेली, बुरशी आलेली ज्वारी आणि मका खाऊन अनेक गावांत पोटदुखी आणि जुलाबाची साथ आली. फ्युजेरियम बुरशीचे फ्युमोनिसिन हे विष त्या धान्यात सापडले. विकली न जाणारी ज्वारी शेवटी गरिबाच्याच ताटात येते.

म्हणून बियाणे घेताना एकरी किती पोती एवढेच विचारू नका. फुलोरा किती दिवसांत येतो? आपल्याकडे पाऊस उघडतो त्याच्याशी तो जुळतो का? भिजल्यावर दाणा कसा राहतो? भाकरी कशी होते? आणि दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की दाणा भरला असे समजा. मग कणसे पावसात उभी ठेवू नका. कापा आणि आडोशाला पसरून वाळवा.