रक्तांतील चरबी आणि हृदयाचें आरोग्य
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेंतील भाषण)



आनंदाच्या प्रसंगीं रोगाचा विषय कशाला, असें कोणास वाटेल. परंतु ज्या घरचा कर्ता पुरुष सकाळीं धडधाकट कामास गेला आणि परतलाच नाहीं, त्या घरास हा प्रश्न पडत नाहीं.

कोलेस्टेरॉल हें मुळांत विष नव्हे. प्रत्येक पेशीच्या आवरणास तें लागतें, आणि त्याचा मोठा भाग आपलें यकृतच तयार करितें. चरबी पाण्यांत विरघळत नाहीं. म्हणून प्रथिनांच्या वेष्टनांत बसून ती रक्तांतून फिरते. यांपैकीं एल. डी. एल. नांवाचे कण फार वाढले म्हणजे रोहिणींच्या भिंतींत शिरून सांचतात. 1913 सालीं रशियांत निकोलाय अनिचकोव्ह यांनीं सशांना कोलेस्टेरॉल खाऊं घालून हा थर प्रत्यक्ष दाखविला. हें सांचणें वर्षानुवर्षें चालतें, आणि त्या काळांत बहुधा कांहींच दुखत नाहीं. दुखत नाहीं म्हणून रोग नाहीं, हा समज येथें घातक ठरतो. कृश मनुष्यही यांतून सुटत नाहीं. कित्येक घराण्यांत हा दोष पिढीजात उतरतो.

म्हणून रक्त तपासून घेणें हाच मार्ग. सामान्यतः एल. डी. एल. दर डेसिलिटरास 100 मिलिग्रॅमच्या आंत व ट्रायग्लिसराइड 150 च्या आंत असावें. हृदयविकार झालेल्यांस एल. डी. एल.ची मर्यादा याहून खालची.

आहाराचेंही तसेंच. शुक्रवारीं मांस वर्ज्य करून वनस्पती तुपांतले तळलेले पदार्थ यथेच्छ खाल्ले, तर व्रत पाळलें जाईल, हृदय सांभाळलें जाणार नाहीं. लोणी, तूप व खोबरेल यांनीं एल. डी. एल. वाढतें, मद्य व साखर यांनीं ट्रायग्लिसराइड. कमी तेलांतली मासळी, डाळी, भाज्या व रोजचें चालणें हितकर. तंबाखू सर्वस्वीं त्याज्य.

आतां औषधाविषयीं. 1994 सालीं प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियांतील 4,444 हृदयरोग्यांच्या चाचणींत सिमवास्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यूचें प्रमाण 30 टक्क्यांनीं घटलें. तरीही आकडा उतरला कीं पुष्कळ जण गोळी सोडतात. आकडा गोळीमुळें उतरलेला असतो. ती सोडतांच तो पुन्हां चढतो. वैद्यास विचारल्यावांचून ती सोडूं नये.

मंदिराचें छप्पर गळूं लागेपर्यंत आपण थांबत नाहीं. पावसाळ्यापूर्वींच कौलें परतून घेतों. देहासही मंदिर मानणाऱ्या आपण प्रत्येकानें या महोत्सवी वर्षांत एकदां रक्त तपासून घ्यावें, एवढीच नम्र विनंती.