‘पुनर्’चा हिशेब द्या



अध्यक्षाने आभार मानावेत, भाषेच्या वैभवावर चार गोड शब्द बोलावेत आणि खाली बसावं, असा या मांडवाचा रिवाज आहे. आज तो मी मोडणार आहे. पुनर्वसन, पुनर्विकास, जीर्णोद्धार हे तीन शब्द आपल्या डोळ्यांदेखत खोटे पाडले जात आहेत आणि त्या कामात आपण लिहिणारी माणसं सामील आहोत. ‘पुनर्’ म्हटलं की जे गेलं ते परत मिळण्याचं वचन आलं. ते वचन कोणी पाळलं, हे विचारायला मी उभा आहे.

कोयनेचं बघा. 1967 च्या भूकंपाआधीच कोयना धरणाचा शिवाजीसागर जलाशय भरला होता, गावं पाण्याखाली गेली होती. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा राज्याने केला तो 1976 चा. आधी बुडवलं, मग कायदा केला! आणि 2018 साली कोयनानगरला ठिय्या देऊन बसलेल्यांत त्या धरणग्रस्तांची मुलं-नातवंडं होती. मागणी जमिनीचीच. मग इतकी वर्षं कागदोपत्री कसलं पुनर्वसन चाललं होतं? ‘पुनर्वसन करण्यात आले’ या वाक्यात कर्ता नाही, हे व्याकरण सोयीचं आहे. कोणी केलं, कुठे केलं, जमिनीला पाणी होतं का, हे काहीच सांगावं लागत नाही. आपले बातमीदार ते वाक्य सरकारी टिपणीतून जसंच्या तसं उचलतात.

मुंबईच्या गिरणगावाची कथा याहून वाईट. गिरणी कामगारांच्या 1982 च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाने साधारण असं ठरवलं, की गिरणीची जमीन विकासाला काढली तर एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी पालिकेकडे, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाकडे आणि उरलेली मालकाकडे. 2001 साली दुरुस्ती झाली. वाटणी आता गिरणीच्या आवारात आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरतीच. शेड पाडून जी मोकळी होईल ती वाटणीबाहेर. गिरणीचं आवार म्हणजे बहुतेक शेडच. शहराच्या आणि कामगारांच्या वाट्याला काय उरलं, ते लोअर परळच्या पुलावर उभं राहून बघा. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2006 मध्ये दुरुस्ती कायम राहिली. आणि हे सगळं कोणत्या नावाखाली? पुनर्विकास. त्या जमिनीवर ज्याचं आयुष्य गेलं त्याच्याकडे परत काय आलं?

कोणी म्हणेल, पडक्या चाळींत माणसांनी मरायचं का? मुळीच नाही. चाळ पडायला आली तर पाडा, राहणाऱ्याला तिथेच पक्कं घर द्या, त्याला खुशाल पुनर्विकास म्हणा. मी टाळ्या वाजवीन. पण संक्रमण शिबिरात ज्यांची अख्खी पिढी म्हातारी झाली, त्यांच्यासमोर हा शब्द उच्चारताना जीभ अडखळली पाहिजे. जिथे माणूस परतला नाही तिथे पाडकाम म्हणा, जमीनविक्री म्हणा. मराठीत हे शब्द आहेत.

जीर्णोद्धार हा तर आपला जुना, मानाचा शब्द. गोव्यात नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचं मंदिर 1668 साली शिवाजी महाराजांच्या आज्ञेने पुन्हा उभं राहिलं. शिलालेख आजही तिथे आहे. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाची जुनी वास्तू जाणकारांनी अभ्यास करून सावरली आणि 2005 मध्ये युनेस्कोने त्या कामाचा गौरव केला. 2024 मध्ये पंढरपूरच्या गाभाऱ्यात चांदी उतरवून मूळ दगड मोकळा केला. काम असं असतं! आणि आपल्या गावागावांत? हेमाडपंती देवळाच्या कोरीव खांबांना ऑइलपेंट, घडीव दगडांच्या सांध्यांत चुन्याऐवजी सिमेंट, सभामंडपात चकचकीत फरशी, आणि दारावर देणगीदारांच्या नावांची पाटी: जीर्णोद्धार. शेकडो वर्षं टिकलेला दगड आपण श्रद्धेच्या नावाखाली बुजवतो, हे मला सहन होत नाही.

आपल्या आज्या-आजोबांचे शब्द आठवा. पावसाआधी घर शाकारायचे, भांड्यांना कल्हई लावायचे, विहिरीचा गाळ उपसायचे, भिंतीची डागडुजी करायचे. यातला एकही शब्द मूळ वस्तू शिल्लक असल्याशिवाय वापरता येत नाही. घर नसेल तर शाकारणार काय? म्हणूनच हे शब्द जाहिरातीत दिसत नाहीत. त्यांच्या आडून कोणाला काही लपवता येत नाही.

उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी स्वतः ठराव मांडणार आहे. आपल्या मासिकांनी आणि वर्तमानपत्रांनी, धरणग्रस्ताला जमीन आणि रहिवाशाला घर प्रत्यक्ष मिळाल्याची खात्री झाल्याशिवाय ‘पुनर्वसन झाले’, ‘पुनर्विकास झाला’ असं छापू नये. काही संपादकांना हे रुचणार नाही. जाहिराती कुठून येतात हे मलाही ठाऊक आहे. तरीही ज्यांना ही भाषा आपली वाटते त्यांनी उद्या हात वर करावेत आणि या ठरावाला अनुमोदन द्यावं.